पाहुणा अजून दारातच

सकाळी अकराला वाजणारा फोन मालतीकाकूंचाच, म्हणून ‘हॅलो’सुद्धा न म्हणता मी विचारलं, “मग? गेला का एकदाचा तुमचा पाहुणा?” पलीकडून त्यांचा मुलगा निखिल म्हणाला, “वहिनी, आई गेली. पहाटे, झोपेतच.”

टोकियोत आयटीवाल्यांची रीघ लागली त्या वर्षांत आम्हीही फुनाबोरीत येऊन पडलो. नवरा सकाळी गेला की रात्रीच उगवायचा. दिवसभर घरात बोलणारा एकटा न्हाणीघरातला गिझर, आणि तोही जपानीत! एकदा माझी कचऱ्याची पिशवी लाल चिठ्ठी लावून तशीच ठेवलेली दिसली. ओला-सुका माझ्याकडून एक झाला होता. तिथेच उभी राहून रडायला लागले. वरच्या मजल्यावरच्या मालतीकाकू खाली आल्या. “अगं, कचरा नापास झालाय, तू नाहीस!” म्हणत मला चहाला ओढून घेऊन गेल्या.

त्यांच्या टेबलावर एक जुनं पुस्तक होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कुणा खट्याळ इंग्रजाचे निबंध... उसनी नेलेली छत्री, शेजाऱ्यांचे पडदे, जेवायला येऊन न उठणारी माणसं. काकांच्या माघारी मुलाकडे येताना त्यांच्या कपाटातलं एवढंच त्यांनी आणलेलं. डोळ्यांनी इंग्रजी वाचत त्या मराठीतच सांगायच्या, वर स्वतःची फोडणी. “याच्या गल्लीत पडद्यांवरून माणसाची लायकी ठरते म्हणे. बरंय बाई, आपल्याकडचे कचरा तपासणारे आजोबा त्याला भेटले नाहीत!”

पुढे काकू मुलाबरोबर शेजारच्या इचिकावा शहरात राहायला गेल्या, तरी फोनवर वाचन चालूच. खोड एकच. ऐन रंगात आलं की पुस्तक मिटायचं. “उरलेलं उद्या.”

“काकू, हा शुद्ध छळ आहे!”

“असू दे. नातू बोलतो जपानीत, सून ऑफिसात. उद्या तुला फोन करायला मला काही निमित्त नको?”

मला आपलं वाटायचं, त्या माझ्यासाठी वेळ काढतात. त्याही माझ्याइतक्याच एकट्या होत्या तर... फार तुटलं आत.

निखिलने पुस्तक मला आणून दिलं. शेवटच्या निबंधात काकूंची खूण तशीच आहे. पाहुणा टोपी हातात घेऊन दारात उभा, यजमानीणबाई जांभई दाबतायत, आणि त्याला आणखी एक गोष्ट आठवते... पुढे थोडीच पानं उरलीत. इंग्रजी मलाही येतं. पण मी रोज अकराला बसते, खुणेपर्यंत मोठ्याने मराठीत वाचते, एकटीच हसते आणि पुस्तक मिटते. इतक्यात पाहुण्याला जाऊ द्यायचं नाहीये मला.

उरलेलं उद्या.