‘रिकामी हाय’ म्हणजे काय

उमरठच्या पलीकडच्या एका वाडीतला तो गुन्हा अजून माझ्या मनातून गेलेला नाही. मी तेव्हा पोलादपूरला फौजदार होतो. सकाळी पोलीस पाटलाची वर्दी आली: बंदुकीचा बार उडून इसम मयत. पंचनाम्याला गेलो. मयत शेतकरी अंगणात बैल धूत होता. मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेल्या धाकट्या भावाच्या हातून बार उडाला होता.

निघताना एका शेजाऱ्याने मला बाजूला घेतले.

“साहेब, काल दोघं भाव जाम भांडलं. म्हाताऱ्या आयला मुंबैला न्यायचं म्हनून.”

धाकट्याला ठाण्यात आणले.

बंदूक ठासणीची, रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर दिलेली. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायचे, मग मागे घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की बार.

“दादाला इचारलं, रिकामी हाय ना? त्यो म्हनाला, रिकामी हाय. म्हनून टोपी लावून चाप ओढला, नुसती टोपीच फुटंल म्हनून,” एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

“गिरणीतल्या यंत्रात हात घालताना पण असंच विचारतोस काय रे?” हवालदार म्हणाले.

मयताची बायको महाडच्या पेठेतली. तिने बंदुकीला कधी हात लावला नव्हता. जबाबात ती म्हणाली, “भरलेल्या बंदुकीला हे रिकामी कशाला म्हणतील?” तसे असेल तर धाकटा खोटे बोलत होता. खुनाचे कलम लागले असते तर तो फासावर जाऊ शकत होता.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बाकीच्या बंदुका तपासायला गेलो. पाटलाने आपली बंदूक खुंटीवरून काढून दिली.

“घ्या साहेब, रिकामी हाय.”

नळी आभाळाकडे धरून मी गज आत सोडला. तोंडापाशी अंगठा धरून तो बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. चार बोटे कमी भरला; म्हणजे तळाशी काहीतरी होते.

“पाटील, ही भरलेली आहे.”

“दारू हाय वो आत, पन टोपी कुठंय? टोपी नाय म्हंजे रिकामीच की! बार उडवल्याबिगर दारू निघत नाय. फुकट कोन घालवंल?”

भोवतालच्यांनी माना हलवल्या. तिथे सगळे असेच बोलत. धाकटा लहानपणीच मुंबईला गेलेला. त्याच्या लेखी रिकामी म्हणजे आत काही नसलेली.

मयताचे घर समोरच; त्याची बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “म्हणजे भावजी खोटं बोलले नाहीत. आणि हेही नाहीत.”

खुनाचे कलम लागले नाही. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल मात्र धाकट्याला शिक्षा झाली. ती योग्यच होती. बंदुकीचे तोंड माणसाकडे असताना त्याने चाप ओढला होता.

पुढे बंदूक हातात घेताना ती रिकामी आहे का, असे मी कोणालाही विचारले नाही. तोंड माणसांपासून दूर, बोट चापाबाहेर, आणि आत काय आहे ते स्वतः बघायचे. शिपायांना हे जाचक वाटे.

“साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?” एकाने विचारले.

“त्या दोघा भावांचाही एकमेकांवर होता,” मी म्हणालो.