त्याच मातीनं

दिंद्रुडच्या शिवारात मल्लिनाथप्पांनी एकोणतीस वर्षं दारं धरली. सहकारी उपसा सिंचन संस्थेचे ते पाटकरी. धरणातून उपसलेलं पाणी कुणाच्या रानात कधी जायचं ते संस्थेच्या कागदावर लिहिलेलं असे. कसं जायचं ते मात्र आप्पांच्या खोऱ्यावर होतं. वाफा भरत आला की पुढच्या वाफ्याचं तोंड फोडायचं, म्हणजे दार मोडायचं. फोडताना निघालेली माती त्याच झपाट्यात भरलेल्या वाफ्याच्या तोंडात घालायची, म्हणजे दार लावायचं. माती एकच, कामं दोन. मध्ये उसंत घेतली तर पाणी दोन्हीकडं फाकतं आणि एकही वाफा धड भिजत नाही. आप्पांच्या गळ्यात लिंग आणि ओठांवर नमः शिवाय. एका नामात एक दार मोडून दुसरं लावून होई.

दोन हजार तेराच्या दुष्काळात धरणाचं पाणी पंपांच्या तोंडाखाली गेलं. पाट कोरडे पडले, त्यात भेगा पडल्या, भेगांत सरडे राहायला आले. पाटकऱ्याला काम उरलं नाही. संस्थेनं त्यांना एकदम काढलं नाही, फुटबॉलच्या मैदानावर नेमलं. पूर्वी पंप बसवायला आलेला एक इंजिनियर हा खेळ गावाला लावून गेला होता, तेव्हापासून संस्थेचा संघ होता. आप्पांनी दगड वेचायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या, खेळणाऱ्यांना प्यायला पाणी ठेवायचं.

संस्थेचे सचिव रामकिसन हेच संघाचे मास्तर. त्यांनी पहिल्याच दिवशी उघड सांगितलं, "आप्पा, सहकारी संस्थांचे सामने चालू हायेत तोवर तुमी हाय. संघ हरला की मैदान चारा छावणीला द्यायचंय. मंग रेघा कुणासाठी मारायच्या?"

म्हणजे मग चाकण. तिथं लेकाची तिसऱ्या मजल्यावर दीड खोली होती. बायकोनं, नीलम्मानं, भांड्यांचं बोचकं बांधूनही ठेवलं होतं.

"तिथं नळाला रोज पाणी येतं म्हणं," ती म्हणायची.

"येतं. पर त्याला दार नसतं," आप्पा म्हणायचे. आपण पाणी न वळवता मरणार, हे त्यांना पटत नव्हतं. गाव सुटायचं नसेल तर संघ जिंकायला हवा, एवढा हिशेब साधा होता.

म्हणून आप्पा खेळाकडं बघायला लागले. रोज संध्याकाळी बांधावर बसायचे. पहिले आठ दिवस नुसती धूळ दिसली. मग हळूहळू पाणी दिसायला लागलं. आपली पोरं चढाई करतात ती मधोमध, जिथं गर्दी असते तिथूनच; पाणी चढावर घालण्यातला प्रकार. कडेची सरी मोकळी पडलेली असते, तिकडं कुणी वळत नाही. गोलापुढचा बचाव बरा आहे, बांध रुंद आहे. खोट आहे ती मधल्या घडीला. चेंडू हातचा गेला की पुढचे चौघं कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि मागचे एकटे धावतात. आप्पांनी मोजलं. चेंडू गेल्यापासून आपला माणूस आडवा येईपर्यंत चार वेळा नमः शिवाय म्हणून होत होतं. चार नामांत अख्खा पाट वाहून जातो.

त्यांनी हे रामकिसनच्या कानावर घातलं.

"आप्पा, ह्यो फुटबॉल हाय, हरभरा न्हाई," रामकिसन म्हणाले. "तुमी रेघा सरळ मारा, तेवढं लई झालं."

कर्णधार भारत मात्र शेतकऱ्याचा लेक. नेकनूरच्या दूध संघाशी उपांत्य सामना होता, त्या सकाळी आप्पांनी चुना टाकता टाकता त्याला गाठलं. "भारत, चेंडू गेला की आधी दार लावायचं. दुसरं काय बी करू नको."

"एवढंच व्हय आप्पा? सांगतो पोरांला."

भारतनं सगळ्यांना तेच सांगितलं: चेंडू गेला की दार लावायचं. आणि इथंच घोळ झाला. भारतसकट सगळ्यांनी दार म्हणजे गोल समजलं. दूध संघाला पहिला चेंडू मिळाला तशी आपली अकराच्या अकरा माणसं उलटी पळत सुटली आणि गोलाच्या तोंडाशी जाऊन दाटीनं उभी राहिली. अर्धं मैदान ओस. दूध संघाची पोरं आधी बुचकळ्यात पडली, मग निवांत चालत आली.

बांधावरून कुणीतरी म्हणालं, "काय बे भारत, सत्यनारायणाला बसलाव का समदे?"

लोक पोट धरून हसले. आप्पा हसले नाहीत. आपलाच शब्द उलटा गेला हे त्यांना कळलं होतं. पाचव्या की सहाव्या चढाईला लांबून मारलेला चेंडू त्या दाटीतल्याच एकाच्या पायाला लागून आत गेला. मध्यंतराला एक विरुद्ध शून्य.

रामकिसन तावातावानं आले. "कावून सांगितलं पोरांला काय बी? जायची घाई झाली का चाकणला?"

आप्पांनी खोरं उचललं. ते मैदानाच्या कोपऱ्यात गेले. हातभर लांबीचा एक पाट ओढला, त्याला लागून पाच लहान वाफे पाडले आणि नीलम्मानं खेळणाऱ्यांसाठी आणलेली कळशी उचलली.

"आवं, घरातली शेवटची हाय ती," नीलम्मा म्हणाली. "टँकर परवा यील."

"ठावं हाय."

संघ भोवती गोळा झाला. खुर्चीवर बसलेले संस्थेचे चेअरमन विठ्ठलरावही उठून आले. दुष्काळात जमिनीवर पाणी ओततंय कोण, हे बघायला. आप्पांनी एका पोराला पाटात धार धरायला लावली. पहिला वाफा ओला होताच दुसऱ्याचं तोंड फोडलं आणि तीच माती पहिल्याच्या तोंडात घातली. मग तिसरा. चौथ्याला मात्र ते मुद्दाम उठले, माती आणायला चार पावलं लांब गेले. परत येईपर्यंत तिसरा फुटायला आला होता आणि चौथ्यात नुसता ओघळ.

"बघा," चौथा सावरत ते म्हणाले. "माती लांबून आणाय गेलं की पाणी थांबतंय का? चेंडू घेऊन जो फुडं गेलता, तीच तुमची माती. त्याच्या पायातनं गेला की त्यानंच तिथल्या तिथं आडवं यायचं. शेजारच्या दोघांनी बी. तेवढ्यात मागचे आपापल्या जागी येत्यात. दार म्हंजे गोल न्हाई रं. चेंडू जिथं गेला तिथं दार."

भारत खाली बसून वाफ्यांकडं बघत होता. "आन् आपल्याला चेंडू घावला तर?"

"तवा ते उघडे असत्यात. कडेच्या सरीनं न्या. चढावर घालू नका."

शेवटचं पाणी पाचव्या वाफ्यात जिरलं. कळशी रिकामी झाली. खेळणारे तहानलेलेच मैदानात गेले.

उत्तरार्धात आप्पा बांधावर नाम मोजत बसले. पहिल्यांदा चेंडू गेला तेव्हा तीन नामं झाली. नंतर दोन. पाऊण वेळ सरला तेव्हा एका नामात दोघं आडवे येऊ लागले, आणि दूध संघाची पोरं चेंडू मिळाला की कुणाकडं द्यावा म्हणून मान वळवत राहिली. अशाच एका वळलेल्या मानेपाशी भारतनं चेंडू काढून घेतला, मधल्या गर्दीत न शिरता कडेनं नेला आणि आत टाकला. गोल झाला. बरोबरी.

वेळ संपली. मग पेनल्टीचे फटके. तिथं दूध संघाचे चार आत गेले, आपले तीन. संघ हरला.

नीलम्मा घरी गेली आणि बोचक्याची गाठ आवळून बघू लागली. आप्पा मैदानावरच खोऱ्याची माती पुसत होते. तेवढ्यात विठ्ठलराव त्या पाच वाफ्यांपाशी थांबलेले दिसले.  त्यांनी पायताणाच्या टोकानं वाफ्याबाहेरची कोरडी माती चाचपली.

"पाटकरी, एका कळशीत पाच वाफे भिजवले, बाहेर थेंब न्हाई गेला."

"जी."

"छावणीला आठशे जनावरं येणार हायत. शेजारच्या छावणीत निम्मं टँकर चिखलात जातंय. आपलं पाणी तुमी वळवायचं. सोमवारपासनं."

सोमवारी मैदानात दावणी पडल्या. आप्पांनी पत्र्याचा लांब पाट करून घेतला, दर दावणीच्या हौदाला एक तोंड ठेवलं, तोंडाला ओल्या मातीचा गोळा. एका हौदाचा गोळा काढला की तोच मागच्याला. गायी आपली पाळी ओळखायला लागल्या. शेणाखाली चुन्याची एखादी रेघ अजून दिसायची. आप्पा तिच्यावर पाय देत नसत.

नीलम्मानं बोचकं सोडून भांडी फळीवर लावली, नंदीला नारळ फोडला. तिला वाटलं, आता माणूस खुशीत असेल. पण संध्याकाळी आप्पा उंबऱ्यावर मान खाली घालून बसलेले.

"आता कावून त्वांड पाडलंय? देवानं ऱ्हायाला लावलं की गावात."

"त्या पेनल्टीचा इचार करतोय. एकला माणूस दारात हुबा. शेजारी कुणी न्हाई. त्यानं माती कुठनं आणावी?"

नीलम्मानं त्यांच्यापुढं भाकरी ठेवली. "जेवा आधी," ती म्हणाली.