म्हाताऱ्या बैलाचं आवतण

पोरांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात, हक्क माणसांनाच असावेत की जनावरांनाही. माझं उत्तर फोनवर मावेना, म्हणून लिहिते आहे.

कॉलेजात इंग्रजी शिकून मी नेवासे तालुक्यातल्या शेतकरी घरात सून म्हणून आले. बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचा तो पोळा. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि कानाशी सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' त्या वर्षी हे काम सासूबाईंनी मला दिलं.

दावणीला चार बैल होते. पाचवा, म्हातारा, कडुनिंबाखाली वेगळा बांधलेला. गुरांच्या चारा-छावणीत दुष्काळ काढून तो परत आला होता, पण आता त्याला औत ओढवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्यापारी त्याला घोडेगावच्या बाजारासाठी नेणार होता. तिथून अशा बैलाचं पुढे काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोळा कामाच्या बैलांचा, असं मामंजींचं म्हणणं.

मला मात्र एकाला वगळून पुढे जाणं जमेना. मी त्यालाही हळद लावली आणि आवतण दिलं.

"त्याला कशाला?" मामंजी ओट्यावरून म्हणाले. "तो उद्या जानार हाय."

"आता दिलं न्हवं आवतन?" सासूबाई चुलीपासून म्हणाल्या. "बोलावलेल्या पावन्याला उपाशी धाडता व्हय?"

"बरं, जेवून जाईल."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं पुरणपोळी खाल्ली आणि तिथंच बसकण मारली. व्यापाऱ्यानं दोर ओढला, शेपटी पिळली. बैल निवांत रवंथ करत राहिला. शेवटी सासूबाईंनी व्यापाऱ्यालाच मामंजींशेजारी जेवायला बसवलं.

"ठेवून तरी काय करायचं त्याला?" मामंजी वैतागले. "काम न्हाई, नुसतं खातोय."

"तुमी औत धरून किती वरसं झाली?" त्यांच्या पोळीवर तूप वाढत सासूबाईंनी विचारलं. "तुमाला कुनी बाजार दावला का?"

व्यापाऱ्याला हसता हसता ठसका लागला. मामंजींनी मान खाली घालून पोळी आमटीत बुडवली. "पुढल्या बाजाराला बगू," म्हणाले.

तो पुढला बाजार काही आला नाही. पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामंजींनी तुपाची वाटी माझ्या हातून घेतली आणि आधी कडुनिंबाखाली गेले. बराच वेळ त्याचा खांदा चोळत बसले. मग चुलीपाशी येऊन सासूबाईंना म्हणाले, "आन् आमचं आवतन?"