अर्ध्या चाकाची एसटी

आईच्या शेवटच्या टाक्यात अडकलेली सुई मी कायगावच्या पुलावरून गोदावरीत फेकून दिली.

पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला निघालो होतो. ताईच्या भरतकामाचं पहिलंच प्रदर्शन होतं. घरातल्या आठवणी तिनं आणि आईनं जुन्या लुगड्यांवर दोऱ्यानं भरल्या होत्या. त्यातलं शेवटचं कापड माझ्याकडे राहिलं होतं, कारण शेवटचे काही महिने आई माझ्याकडे होती. ते नीट नेऊन पोचवायचं, एवढंच माझं काम. ताईनं फोनवर बजावलं होतं, "हाय तसं आण. इस्त्री करू नको." इस्त्री मी केली नाही, याची नोंद घ्यावी.

नेवासा फाट्यावर चहा झाला. पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि पिशवीतून काहीतरी मांडीत घुसलं. मी ओरडलो. शेजारचे आजोबा म्हणाले, "ढेकूण असंल."

कापड उघडून सुई ओढून काढली. लोंबणारा दोरा बरा दिसेना, म्हणून तोही दातानं तोडला. तेवढ्यात पूल आला. लोक हात जोडून नदीत नाणी टाकत होते. आईच्या अस्थी आम्ही इथेच सोडल्या होत्या. मीही हात जोडले, आणि हातात होतं ते टाकलं.

वाळूजचे कारखाने मागे पडले, गाव आलं. स्टँडवरून रिक्षानं सभागृह गाठलं. दोऱ्यांवर कापडं टांगली होती. एकावर वडील सायकलनं शेंद्र्याच्या कारखान्यात निघालेले, हँडलला डबा. दुसऱ्यावर करमाडच्या बाजारातली आमची शेळी. तिसऱ्यावर मी पेरूच्या झाडावरून पडतोय. चौथ्यावर बैलगाडीतून. ताईच्या आठवणींत मी उभा असा कुठे नव्हतोच.

तिनं माझ्याकडचं कापड टेबलावर पसरलं. मला पहिल्यांदा पुण्याला घेऊन जाणारी लाल एसटी, मागे हात वर केलेली आई. एसटीचं पुढचं चाक पूर्ण, मागचं अर्धं. त्या अर्ध्या चाकावरून ताईचं बोट फिरलं आणि थांबलं.

"सुई कुठंय?"

आमच्याकडे बायका अर्धं काम ठेवून उठतात तेव्हा सुई कापडातच टोचून ठेवतात. सुई दिसली, की घरातल्यांनी समजायचं, बाई चहा टाकायला उठलीय, येईल परत. सुई काढली, की काम संपलं. मी त्याच घरात वाढलो. पण सुईदोरा हे बायकांचं खातं म्हणून मी कधी तिकडे पाहिलंच नव्हतं.

"नदीत टाकली," मी म्हणालो. मग सवयीनं जीभ घसरलीच. "आईकडंच गेली म्हण."

"तिला तिथं सुईचं काय काम?" ताई म्हणाली. "मला होतं."

मी गुलमंडीच्या बाजाराकडे पळालो. वाटेत नान-खलिया (मटणाचा तर्रीदार रस्सा आणि जाड, मऊ नान) खाल्ला. कितीही लाज वाटली तरी माझी भूक मरत नाही. आईला नानचा मऊ भाग आवडायचा, कडेचा टणक काठ ती मला द्यायची.

सुईदोऱ्याच्या दुकानात चाचांनी विचारलं, "कौनसी होना?"

"जुनी. वापरलेली."

त्यांनी चष्मा वर केला. "सुई पुरानी हुई की फेक देते लोगां, भाऊ."

"मीही तेच केलं."

त्यांना काय कळलं कोण जाणे. एक चकचकीत सुई त्यांनी कागदात गुंडाळून दिली. परतलो तेव्हा ताईनं कापड टांगलं होतं. दातानं तुटलेलं दोऱ्याचं टोक तसंच होतं. मी पुडी पुढे केली. तिनं हातात घेतलीसुद्धा नाही.

दुपारी हर्सूलच्या बायकांचा घोळका आला. एकीनं विचारलं, "हे अर्धंच ऱ्हायलं का, बाई?"

मला वाटलं, आता माझं नाव निघणार. ताईनं त्या चाकाकडे बराच वेळ पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. "झालं ते."

आई गेली तेव्हा सगळं तिनंच उरकलं होतं, डोळ्यांत पाणी न आणता. आता भिंतीकडे तोंड करून ती पदरानं नाक पुसू लागली. बायका पुढच्या कापडाकडे सरकल्या. ताईच्या लेखी आई आज गेली होती, आणि मी तिच्यापासून चार पावलांवर खिशात नवी सुई घेऊन उभा होतो.

संध्याकाळी ती स्टँडवर सोडायला आली. माझ्या पिशवीत आता काहीच नव्हतं आणि तीच जड वाटत होती. दुसऱ्याच्या हातची वस्तू मला कधी सांभाळता आली नाही, तरी सांभाळण्याची हौस मोठी. खिडकीतून म्हणालो, "ताई, बाकीची कापडं पुण्यातही लावू की आपण. पुढच्या खेपेला मीच घेऊन जातो."

गाडी सुरू झाली होती. ताईनं खिडकीची दांडी धरली.

"तुझ्याकडं आईलाच पाठवाया नको होतं," ती म्हणाली.