डावा पीळ

पुतळ्याला माझी हरकत नव्हती. कॉलेजांना पुतळ्यांची हौस असते, पाखरांची बसायची सोय होते. माझं डोकं फिरलं ते अनावरणाआधी झाकून ठेवलेल्या पुतळ्याशेजारच्या कपाटावरची पाटी वाचून. आत मखमलीवर इंजेक्शनच्या काही रिकाम्या कुप्या मांडल्या होत्या आणि पाटीवर लिहिलं होतं, ‘स्वातंत्र्यलढ्यातील जखमींसाठी प्राध्यापकमहोदयांनी गुप्तपणे तयार केलेल्या कुप्या.’

प्राध्यापकमहोदयांनी! ज्या माणसाला स्वतःचा चष्मा पुसायला शिपाई लागायचा, त्याने म्हणे काच फुंकली!

त्या कुप्या माझ्या काकांच्या. काका त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत काच फुंकायचे काम करत. इमारतीच्या मागे पत्र्याची एक खोली होती, त्यात एक लांब टेबल, गॅसची ज्योत आणि काजळीने काळी झालेली भिंत. काचेची नळी ज्योतीवर फिरवायची, लाल होऊन वाकायला लागली की दुसऱ्या टोकाने हलकेच फुंकायचं, हवा तसा फुगा धरला की हात थांबवायचा. मुलं त्यांना फुंक्या म्हणायची. प्राध्यापकही तेच म्हणायचे. सगळे प्रेमाने म्हणत, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलंय. म्हणोत बापडे.

वायूंवरच्या ज्या संशोधनासाठी प्राध्यापकांना परदेशातून पदक आलं, त्यातलं एकूण एक उपकरण काकांच्या फुंकरीचं. निबंधाच्या शेवटी प्राध्यापकांनी काच बनवणाऱ्या परदेशी कंपनीचे आभार मानले. ती फुंकणाऱ्याचे मानायला जागा पुरली नसावी.

मग मोर्च्यावर गोळीबार झाला. सरकारी दवाखान्यात गेलं की खाटेलाच बेडी, म्हणून जखमी लोक घराघरांत लपून राहिले. आमच्या गल्लीतला डॉक्टर त्यांना चोरून औषध द्यायचा. औषध तो स्वतः तयार करी, पण ते भरून बंद करायला कुप्या हव्या होत्या आणि दुकानांवर तर पोलिसांची नजर. तो काकांकडे आला. काकांनी ना हो म्हटलं ना नाही, म्हणाले, “केवढ्या हव्यात?” कॉलेज सुटल्यावर ते कुप्या करत आणि काकू त्या जेवणाच्या डब्यात कापूस घालून बाहेर काढत असे. दारावरचा पहारेकरी रोज विचारायचा, “आज काय होतं डब्यात?” काकू म्हणायची, “तुमच्या साहेबाचं डोकं. आता रिकामा आहे.” तो हसून सोडून द्यायचा.

शेवटी डॉक्टरवर धाड पडली. कुप्या सापडल्या. डॉक्टरने मार खाल्ला, पण तोंड उघडलं नाही. पोलिसांना काही धागादोरा लागेना. कुपीसारखी कुपी, तिच्यावर कोणाचं काय लिहिलेलं असणार?

पण काका डावखुरे होते. कुपीचं बूड बंद करताना ते ज्योतीवर धरून ओढतात आणि जरासा पीळ देतात. बाकी सगळ्यांचा पीळ उजवीकडे जातो, काकांचा डावीकडे जायचा. ही गोष्ट पोलिसांना सात जन्मांत कळली नसती. प्राध्यापकांना कळली, कारण आयुष्यभर त्यांनी ती काच हाताळली होती. त्यांच्यापुढे कुपी ठेवली तेव्हा त्यांना ‘मला काय ठाऊक’ म्हणता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं! पण विभागावर किटाळ नको म्हणून ते कोर्टात उभे राहिले आणि शपथेवर म्हणाले, “हा पीळ आमच्या फुंक्याचा. माझा याच्याशी काडीचाही संबंध नाही.”

काका तुरुंगात गेले आणि बाहेर आले ते छातीचा भाता करून. कॉलेजने दार लावून घेतलं. आपलं राज्य आल्यावर तरी उघडेल असं वाटलं होतं. तेव्हा तर प्राध्यापक प्राचार्य झाले होते. मग स्वयंपाकघरातच टेबल मांडून औषधाच्या बाटल्यांचे ड्रॉपर करायला सुरुवात झाली. काकांना दम पुरायचा नाही म्हणून नळी काकू तोंडात धरायची. फिरवायचे ते, फुंकायची ती. ते नुसती मान हलवायचे, की काकू थांबायची. काका गेल्यावर ते टेबल तिने कोणाला हलवू दिलेलं नाही.

पाटीचं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा काकू शेंगा सोलत होती. हात थांबले. म्हणाली, “पुतळा राहू दे त्यांचा. ती पाटी मात्र काढायला लाव. मला काय आता वर्षानुवर्षं जगायचंय?”

आम्ही दोघी विभागप्रमुखांकडे गेलो. माणूस गोड. चहा मागवला, काकूला आजी म्हणाला. त्याचं म्हणणं सरळ होतं: कोर्टाच्या दप्तरातून मिळालेल्या या कुप्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत बनल्या हे कोर्टातच सिद्ध झालंय, म्हणजे त्यांनीच त्या बनवून घेतल्या असणार. पोलिसांच्या डोळ्यांत धूळ फेकायला ते तसं बोलले असतील.

“पीळ बघा ना,” मी म्हटलं. “डावा आहे.”

“मॅडम, नुसत्या पिळावरून कसं सांगणार? हा काही पुरावा नाही.”

माझा पारा चढला. “माणूस आत टाकायला हाच पीळ पुरला होता! आता दोन शब्द लिहायचे म्हटले तर पुरत नाही?”

तो काकूकडे बघून हसला आणि म्हणाला, “आजी, अनावरणाला नक्की या. जुन्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांतर्फे तुम्हीच दोन शब्द बोला.” त्याला वाटलं, म्हातारी हार घेईल, डोळे पुसेल, घरी जाईल.

अनावरणाच्या दिवशी काकूला हात धरून व्यासपीठावर नेलं. माईक तिच्या उंचीला आणायलाच जरा वेळ गेला.

“मला भाषण येत नाही,” ती म्हणाली. “या साहेबांनी कोर्टात शपथ घेऊन सांगितलं, कुप्या माझ्या नाहीत, फुंक्याच्या आहेत. मी तिथेच बसले होते. तेव्हा ते खोटं बोलले असतील, तर हा पुतळा काढा. खरं बोलले असतील, तर ती पाटी काढा. दोन्ही कसं ठेवता?”

कोणीतरी टाळी वाजवली आणि एकट्याचीच वाजली म्हणून थांबवली. विभागप्रमुखांनी घाईघाईने आभार मानले.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम जाऊन आले. पाटी नव्हती. कुप्याही नव्हत्या. वादग्रस्त वस्तू ठेवायच्या नाहीत असं ठरलंय म्हणे. मखमलीवर कुप्यांचे खळगे तेवढे राहिले होते. मी घरी येईपर्यंत रस्ताभर त्या लोकांना लाखोली वाहत आले आणि काकूपुढेही तोंड सोडलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“आणि पुतळा?”

“आहे की तिथेच!”

“मग पाटी काढली म्हणजे ते खरं बोलले होते, असंच ठरवलं ना त्यांनी? कबूल केलं की.”

“असलं कसलं कबूल करणं, काकू? गुपचूप?”

काकूने टेबलावरून हात फिरवला.

“हो ना,” ती म्हणाली. “कोर्टात बोलले तेव्हा किती मोठ्याने बोलले होते. मी अगदी शेवटच्या बाकावर होते, तिथवर ऐकू आलं.”