घरच्या माणसाचे दात

कवळीवाल्याच्या हातची कवळी लावली की माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो, असं सगळी गल्ली म्हणायची. तेवीस वर्षं तो लोकांना दात बसवत आला होता. त्याची आई मात्र बोळक्या तोंडाने मऊ भात गिळायची.

तिच्या हिरड्यांचा साचा त्याने घेतला होता, नाही असं नाही. पण तीन वर्षं तो दुकानातल्या फळीवर पडून होता. कुणाच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर, कुणा वकिलाची मंगळवारी तारीख. घरच्या माणसाला कसली घाई?

"भाजा लष्कराच्या भाकऱ्या," बायको म्हणायची. "आईंना दाणे खावेसे वाटतात हो."

"येत्या रविवारी नक्की."

"कुठल्या सालातल्या?"

आई हसायची. "असू दे गं. माझे दात आधी केले तर गिऱ्हाइकं भांडायला येतील, मग मला त्यांना चावावं लागेल."

मग ती आजारी पडली आणि महिन्याभरात निम्मी झाली. भाताचा वाडगा तसाच परत जायला लागला. "दात असते तर दाणे खाल्ले असते," ती एकदा म्हणाली, तेव्हा हसली नाही.

त्या रविवारी त्याने शटर अर्धं ओढून घेतलं आणि दिवसभर खपून कवळी केली. तिच्या जुन्या फोटोत होता तसा पुढचा एक दात किंचित तिरका लावला.

संध्याकाळी तिच्या तोंडात कवळी बसवली. ती घसरली. पुन्हा बसवली, पुन्हा घसरली. हिरड्या झिजतात, जुना साचा चालत नाही, हे तो गिऱ्हाइकांना रोज बजावत असे.

"नवीन साचा घेतो, आई. तीन मिनिटं फक्त. हलू नकोस."

ओल्या लगद्याने भरलेला ट्रे त्याने तिच्या टाळ्याला दाबून धरला. मिनिटभरातच तिचे डोळे पांढरे झाले.

"काढा! अहो काढा, जीव जाईल त्यांचा!" बायकोने त्याचा हात ओढला. अर्धवट घट्ट झालेला गोळा चादरीवर पडला.

बऱ्याच वेळाने तिचा श्वास जागेवर आला. मग तिने आपणहून पुन्हा तोंड उघडलं.

तो ट्रे धुऊन हातात घेऊन उभा होता. तेवढी तीन मिनिटं सोसायची ताकद आता तिच्यात नव्हती, हे त्याला कळत होतं.

"उद्या बघू, आई," तो म्हणाला.

तिने तोंड मिटलं नाही. तशीच त्याच्याकडे बघत राहिली.