पुठ्ठ्याची गाडी

माझी वहिनी लिफ्ट दुरुस्त करते. उंचीने जेमतेम माझ्या खांद्याएवढी, हात आखूड, जीभ मात्र भरपूर लांब. दिवसभर लोकांच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं आणि संध्याकाळी भाड्याच्या शेडमध्ये स्वतःची गाडी जोडायची, हा तिचा उद्योग. या गाडीचे सुटे भाग खोक्यांतून येतात आणि ती आपली आपण उभी करायची असते. चेसिस, इंजिन, चाकं सगळं वहिनीने बसवलं. बॉडीचे फायबरचे पॅनेल दादाच्या ताब्यात होते. दादा फर्निचरला पॉलिश करतो. त्याने ते घासून असे चकचकीत केले की मला त्यांत माझं टक्कल दिसायचं.

आता पॅनेल चढवले की झालं, असं दादाला वाटत होतं. वहिनीने मात्र ते बेडरूमच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि गाडीला फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठा चढवला.

"आधी पुठ्ठ्याची बॉडी," ती म्हणाली. "तिच्यातून प्रत्येक नट उघडून बघणार. जिथे हात जाणार नाही तिथे कापणार. मग तेवढंच फायबरला कापायचं."

गल्लीला फुकटची करमणूक झाली. "गाडी रद्दीत कधी देताय?" असं समोरचा केशकर्तनवाला विचारायचा. माझं डोकं फिरायचं. "तुझ्या स्कूटरचा बल्ब बदलायला मेकॅनिक लागतो, तू कात्री चालव," असं मी त्याला तोंडावर सुनावलं आणि महिनाभर टकलाभोवती वाढलेले केस घेऊन फिरलो.

खरा तमाशा सीटमागच्या पॅनेलवरून झाला. त्याच्याखाली, मागच्या चाकांच्या मध्ये, ब्रेकच्या नळ्यांचा जोड होता. वहिनीचा हात पुठ्ठ्यातून तिथवर पोहोचला, पण स्पॅनर काही फिरेना. तिने भोक चार बोटं वाढवलं. स्पॅनर फिरला. मग तिने दादाच्या सगळ्यात लाडक्या पॅनेलवर खडूने तेवढाच चौकोन आखला.

"माझ्या पाठीत सुरा खुपस, पण इथे नको," दादा म्हणाला. "तो जोड कोण बघायला जाणार आहे?"

"अहो, बिघाड काय आपल्याला विचारून जागा निवडतो?"

दादा ताडकन उठून बाहेर गेला. वहिनीने करवत चालवली. सकाळी मी गेलो तर दादा मुकाट्याने त्या भोकाच्या कडा पॉलिश पेपरने घासत बसला होता. दोघांत अबोला होता, पण कापलेल्या तुकड्याचं झाकण त्या भोकावर बसलं तेव्हा फट सगळीकडे सारखी होती.

महिनाअखेरीला शेड मालकाला परत द्यायची होती आणि दुसरी जागा मिळत नव्हती. तपासणीत गाडी पास झाली तर रस्त्यावर, नाहीतर खोलून भाग विकायचे. वहिनीने दादाला तसा शब्द दिला होता. त्या आठवड्यात ती कोणाशी भांडलीसुद्धा नाही, म्हणून मला जास्तच धास्ती वाटत होती.

टेम्पोत घालून गाडी तपासणीला नेली. तपासनीस मितभाषी होता. दिवे, चाकं, सीटचे पट्टे पाहून तो म्हणाला, "मागच्या ब्रेकचा जोड दाखवा. आधीच्या गाडीवाल्याला मी परत पाठवलंय. त्याची अख्खी बॉडी उतरवावी लागेल."

वहिनीने सीटमागच्या दोन फिरक्या वळवल्या. झाकण हातात. तपासनिसाने टॉर्च मारला, दादाला पेडल दाबायला लावलं, आणि जोडावर एक थेंब चमकला.

"गळतंय."

दादाने डोळे मिटले.

"पुढची गाडी तपासून होईपर्यंत थांबाल?" वहिनीने विचारलं.

"तेवढ्यात काय करणार तुम्ही?"

"करते."

तो खांदे उडवून पुढे गेला. वहिनी सीटवर पालथी पडली आणि भोकातून दंडापर्यंत हात आत गेला. जोडाच्या तांब्याच्या दोन वॉशर बदलल्या, स्पॅनर गर्रकन फिरला. मग नळ्यांतली हवा काढायची होती.

"अहो, दाबा. सोडा. दाबा! झोपलात का?"

"दाबतोय ना, बाई!"

अबोला तिथेच संपला. दादा घामाघूम होऊन पेडल मारत होता आणि ती चाकामागून ओरडत होती. मी ऑइलच्या बाटल्या देत नुसता नाचत होतो.

तपासनीस परतला. दादाने पाय रोवून पेडल दाबलं. वहिनीने पांढरा रुमाल जोडावर फिरवून त्याच्यापुढे धरला. कोरडा. मग त्याने गाडी स्वतः चालवून ब्रेक मारले. चारही चाकं जागच्या जागी.

"पास," तो म्हणाला. "हे झाकण कोणी केलं?"

"ह्यांनी," असं वहिनी आणि "हिने," असं दादा एकदमच म्हणाले.

मी तिथेच, तपासणीच्या अंगणात, मोठ्याने रडलो. लाज कसली? टेम्पोवाला गाडी परत चढवायला फळी खाली टाकून उभा होता. वहिनी गाडीत बसली, दादाला शेजारी बसवलं आणि फळीकडे ढुंकूनही न बघता फाटकातून थेट मोठ्या रस्त्याला लागली.